ईबेवरचा लिलाव मुदतीआधी बंद केला तर चालतं का? (जर्मनी)

शुद्धसारंग:

नमस्कार मंडळी. प्रश्न जर्मनीतला आहे, पण इतरांनीही सांगायला हरकत नाही.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. नवऱ्याचं इथलं काम संपलं, पुढच्या महिन्यात मुक्काम पोस्ट पुणे. घर आवरणं चालू आहे. कपाटं आणि वॉशिंग मशीन शेजारच्या विद्यार्थ्यांनी नेलं. राहिली माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम. नऊ स्केलची स्केलचेंजर, खर्ज-नर-नर, पालिताणा रीड्स, कपलर, सागवानी. पुण्यात सासूबाईंची पेटी आहेच, त्यामुळे हिच्यासाठी विमानाचं जादा भाडं भरणं घरात कुणालाच पटेना.

म्हणून ईबेवर लिलावाला लावली, बोली १ युरोपासून. ऑफिसातला एक जण म्हणाला, एकपासून लावली की गिऱ्हाइकं जमतात. जमली खरी, पण बोली ६१ युरोंवर येऊन बसलीय आणि लिलाव संपतोय रविवारी रात्री. अशात काल इथल्या महाराष्ट्र मंडळात मुलांना गाणं शिकवणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांना पेटी हवीय. ४०० युरो रोख देतात, शनिवारी गाडी घेऊन येतात. शिकणाऱ्या मुलांकडे पेटी गेली तर मला याहून काय हवं!

ईबेच्या पानावर 'विक्री संपवा' असा पर्याय दिसतो. कारण विचारतात, त्यात 'वस्तू आता उपलब्ध नाही' हेही आहे. मदतीच्या पानावर १२ तासांचं काहीतरी लिहिलंय, आणि माझ्याकडे त्याहून बराच वेळ आहे. म्हणजे बंद केला तर प्रश्न नाही ना? ऑफिसातल्या त्याच माणसाला विचारलं तर नुसतं "ओ ओ" म्हणाला आणि जेवायला गेला.

बिनधास्तबंड्या:

अहो ताई, एवढं काय त्यात. 'वस्तू खराब झाली' यावर टिचकी मारा आणि मोकळ्या व्हा. कोण येतंय तुमच्या घरी तपासायला? ६१ युरोवाला दुसरी पेटी शोधेल. मी एक जुना फोन असाच काढून घेतला होता, कुणी हूं की चूं केलं नाही.

जर्सीकर:

अमेरिकेतल्या ईबेचं सांगतो, मी पोस्टाची तिकिटं आणि नाणी विकतो. इथे लिलावाला १२ तासांपेक्षा जास्त वेळ उरला असेल तर आलेल्या बोल्या रद्द करून लिलाव बंद करता येतो. १२ तासांच्या आत आलात आणि बोल्या असतील, तर एकच वाट: त्या क्षणी ज्याची बोली सगळ्यात वर आहे त्याला विकून टाकायचं. शिवाय बोली असताना बंद केलं तर विक्री झाल्यासारखी फी लावू शकतात, आणि वरचेवर केलं तर खात्यावर बंधनं येतात. तिकिटवाल्यांच्या आमच्या कंपूत यावरून कोर्टात गेलेला कुणी ऐकला नाही. जर्मनीतही असंच असावं.

जुनारेडिओ:

ताई, काही दाबू नका. आधी हे वाचा.

मी फ्युर्थचा, म्हणजे मूळ ठाण्याचा. ग्रुंडिग या रेडिओ कंपनीचं हे गाव. फ्लोमार्क्टातून, म्हणजे जुन्या बाजारातून, व्हॉल्व्हचे मेलेले रेडिओ उचलून आणायचे, जिवंत करायचे आणि विकायचे, असा माझा निवृत्तीनंतरचा धंदा आहे. बायको त्याला आजार म्हणते. त्यामुळे या विषयातले निकाल मी हौसेने नाही, भीतीने वाचलेत.

जर्सीकर, तुमच्याकडचं तुमच्याकडे बरोबर असेल. जर्मनीत 'असंच असावं' मात्र अजिबात नाही. १२ तासांचा तो नियम ईबेच्या यंत्रणेचा आहे. तेवढा वेळ शिल्लक असला की बटण चालतं, इतकाच त्याचा अर्थ. बटण चाललं म्हणून हक्क मिळत नाही. हे कार्ल्सरुहेच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफने, म्हणजे दिवाणी प्रकरणांतल्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, डिसेंबर २०१४ मध्ये स्वच्छ सांगितलंय. एकाने वीज तयार करायचा जनरेटर १ युरोपासून लावला होता. दोन दिवसांत काढून घेतला, दुसऱ्याला विकला. म्हणाला, १२ तासांहून जास्त वेळ होता ना. कोर्ट म्हणालं, असेना का, कायदेशीर कारण कुठाय? जनरेटर ८५०० युरोंचा होता आणि वरची बोली होती १ युरो.

कारण असं की इथल्या कायद्यात तुम्ही वस्तू लिलावाला लावता तेव्हा तो 'मुदतीअखेर ज्याची बोली सर्वांत वर त्याला देईन' असा बांधून घेणारा शब्द असतो. ईबेच्या अटींतही हेच आहे: विकणाऱ्याने मुदतीआधी विक्री संपवली, तर त्या क्षणी वर असणाऱ्याशी करार होतो, अपवाद फक्त विकणाऱ्याला माघारीचा हक्क असेल तेव्हाचा. म्हणजे आज तुम्ही बंद करा, तुमची पेटी ६१ युरोंना विकली गेली. ताईंचे ४०० घेतलेत तर तीच पेटी दोनदा विकलीत.

आता पसाटचा किस्सा. नोव्हेंबर २०१४ चा निकाल. एकाने आपली जुनी फोक्सवागन पसाट लावली, १ युरोपासून. काही मिनिटांतच एकाने बोली टाकली, कमाल मर्यादा ५५५ युरो ५५ सेंट. दुसरा कुणी आला नाही म्हणून दाखवली जाणारी बोली राहिली १ युरो. सात-एक तासांनी मालकाने लिलाव बंद केला आणि याला कळवलं की बाहेर ४२०० युरोंचं गिऱ्हाईक मिळालंय. अगदी तुमच्यासारखंच, ताई. बोलीवाल्याने दावा लावला: गाडीची किंमत ५२५०, माझी बोली १, फरक ५२४९ युरो द्या. आणि मिळाले! मालकाचा वकील म्हणाला, १ युरोत गाडी हे नीतीला धरून नाही. कोर्ट म्हणालं, एवढ्या स्वस्तात मिळण्याची शक्यता हीच तर या लिलावाची गंमत आहे, आणि १ युरोपासून लावायची जोखीम मालकाने आपणहून घेतली.

लक्षात घ्या, हिशेब ५५५ वर झाला नाही, दिसत असलेल्या १ युरोवर झाला. तुमची पेटी बाजारात ४५० ची धरली तर ४५० वजा ६१, म्हणजे ३८९ युरो. मंडळाच्या ताईंकडून ४०० आले आणि ३८९ या माणसाला गेले. वर कोर्टाचा खर्च इथे हरणाऱ्याने दोन्ही बाजूंचा भरायचा असतो.

बंड्याशेठ म्हणतात कुणी हूं की चूं केलं नाही. तुमचं नशीब. इथे एक जमातच आहे, 'आब्ब्रुखयेगर' म्हणतात त्यांना. शेकडो लिलावांत खालच्या बोल्या टाकून ठेवायच्या आणि कोण मुदतीआधी काढून घेतो ते बघत बसायचं. लगेच पत्र पाठवत नाहीत. वस्तू दुसरीकडे जाईपर्यंत मुद्दाम थांबतात, कारण वस्तू घरात असली तर तुम्ही मुकाट्याने देऊन टाकाल आणि भरपाई बुडेल. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तीही त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजायची. तुम्ही पुण्यात सुखाने नांदत असाल आणि इथल्या जुन्या पत्त्यावर पत्र येऊन पडेल. अशांना कोर्टाने आवर घालावा म्हणून प्रकरण २०१९ मध्ये पुन्हा कार्ल्सरुहेला गेलं. तिथे ठरलं की सरसकट नियम करता येणार नाही, प्रत्येक प्रकरणाची सगळी परिस्थिती बघूनच ठरवायचं. म्हणजे तुमच्या बाबतीत काय होईल हे ज्योतिषाला विचारा.

'खराब झाली' असं खोटं लिहायचंय? तर २०१५ चा बिडाच्या हीटरचा निकाल वाचा. शंभरेक वर्षांपूर्वीच्या नक्षीकामाचा तो हीटर. वरची बोली ११२ युरो, आणि बोलीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे किंमत ४०००. विकणाऱ्याने लिलाव काढून घेतला, म्हणाला मोडला. मग बाजू लंगडी पडतेय म्हटल्यावर नवं कारण काढलं: या बोलीवाल्याने सहा महिन्यांत ३७० बोल्या मागे घेतल्यात, असल्या माणसाला मी का विकू? कोर्टाने ते मानलं नाही. पैसे आधी आणि माल नंतर, मग तुझं काय बिघडणार होतं? आणि हीटर खरंच मोडला होता का, हे तपासायला प्रकरण खालच्या कोर्टात परत. तुमची पेटी तर मंडळाच्या कार्यक्रमात वाजणार, त्याचे फोटो फेसबुकवर झळकणार. खोटं पचवायला याहून वाईट वस्तू शोधून सापडायची नाही.

माघारीचा हक्क कधी असतो, तेही सांगतो. २०११ चा निकाल कॅमेऱ्याचा. लिलाव चालू असताना कॅमेरा चोरीला गेला, मालकाने दुसऱ्या दिवशी विक्री काढून घेतली. वरची बोली ७० युरो. बोलीवाला हजारावर युरो मागायला उभा. इथे मालक जिंकला, कारण चोरी खरी होती आणि त्याची चूक नव्हती. जाहिरातीत खरोखरची चूक झाली असेल, किमतीचा आकडा चुकला, मॉडेल दुसरंच लिहिलं गेलं, तर तेही कारण होतं. पण लक्षात आल्याबरोबर पाऊल उचलायला हवं. १ युरोपासून लावल्याचं आता वाईट वाटतंय, हे त्यात बसत नाही.

एकही बोली आली नसती तर खुशाल काढून घेतली असतीत, कोण विचारतो. पण पहिली बोली पडली की खेळ सुरू.

शुद्धसारंग:

काका, वाचून घाम फुटला. नवऱ्यालाही वाचायला लावलं. तो म्हणतो, राहू दे ६१ ला गेली तर, पण पत्रं नकोत.

तीन शंका. मंडळाच्या ताईंना ईबेवरच बोली लावायला सांगितली तर चालेल का? आमची तशी ओळख जेमतेमच, गणपतीत भेट होते तेवढी. दुसरं, मंद्रातल्या कोमल निषादाची रीड थंडीत किंचित उशिरा बोलते, जाहिरातीत ते लिहिलेलं नाही. आणि तिसरं, रविवारपर्यंत खरंच काही झालं, पेटी पडली, तर?

जुनारेडिओ:

पहिल्याचं उत्तर: स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या पैशांनी, खरंच घ्यायची म्हणून लावत असतील तर माझ्या मते त्यांनीच लावावी. भाव वाढवायला मात्र कुणालाही सांगू नका, नवऱ्याला तर मुळीच नाही. ईबे घरच्यांना आणि जवळच्यांना बोली लावू देत नाही. ताईंशी पुढचं-मागचं काही ठरवू नका. 'वर गेली तर फरक मी परत देईन' असलं व्हॉट्सॲपवर एक ओळ जरी लिहिलंत तरी ती संगनमताची खोटी बोली ठरते. २०१६ मध्ये कार्ल्सरुहेला एक फोक्सवागन गोल्फ गाडी आली होती. मालक दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोल्या वाढवत होता. कोर्टाने त्याच्या सगळ्या बोल्या पुसून टाकल्या. खरे बोलीवाले उरले दोन, एकाची बोली १ युरो, म्हणून दुसऱ्याला गाडी दीड युरोत! मालकाने भरले १६,५०० युरो. तो निकाल मी चहा पिताना वाचला आणि चहा सांडला.

आणि ६१ वरून घाबरू नका. तीन-चार दिवस आधीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. सराईत माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत तोंड उघडत नाही, कारण आधी बोलला तर भाव त्याच्यावरच चढतो. तुमच्या विक्रीवर 'नजर ठेवणारे' किती आहेत ते बघा, तो आकडा बोलीपेक्षा जास्त बोलका. इथले योगवाले कीर्तनासाठी पेट्या शोधत असतात. चांगली स्केलचेंजर त्यांना सहजी मिळत नाही. जाहिरातीत 'कीर्तन' शब्द आहे का? नसेल तर घाला. बोली आल्यावर मूळ मजकूर बदलता येत नाही, पण खाली भर घालता येते.

त्याच भरीत ती रीड लिहून टाका. 'थंडीत एक स्वर उशिरा बोलतो', झालं. तिच्या नावाखाली लिलाव बंद करायचा विचार असेल तर तो सोडा. रीड तुम्हाला आधीपासून माहीत होती, मग ती चूक कसली?

तिसरं. खरंच पडली तर त्याच मिनिटाला फोटो काढा, विक्री संपवा, वरच्या बोलीवाल्याला ईबेच्या निरोपातूनच कळवा आणि मोडकी पेटी जपून ठेवा. टाकून दिलीत तर पुरावा गेला. निष्काळजीपणे पाडली म्हणूनही कुणी भांडू शकतो. तेव्हा रविवारपर्यंत ती कपाटावर ठेवू नका, पाहुण्यांच्या पोरांना वाजवायला देऊ नका.

डेक्कनवाला:

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडे बाझी डॉट कॉमवर मी कॅसेट विकल्यात. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी घेतली, ईबे इंडिया झालं, आणि २०१८ च्या १४ ऑगस्टला तेही बंद पडलं. तेव्हा लिलाव काढून घेतला तर समोरचा फार तर वाईट शेरा मारायचा.

आपला १९३० चा माल विक्री कायदा बघितला. कलम ६४ म्हणतं, हातोडा पडेपर्यंत विक्री पुरी होत नाही आणि तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विकणाऱ्याने आधी जाहीर न करता स्वतः बोली लावली तर मात्र तिथेही लबाडीच. जर्मनीत हातोड्याचा नियम नाही का?

जुनारेडिओ:

आहे, इथल्या दिवाणी कायद्याचं कलम १५६. खऱ्या लिलावघरात तोच चालतो. पण ईबेवर हातोडा मारणारा कुणी नाही, घड्याळ आहे. म्हणून ईबेचा व्यवहार हा त्या अर्थाने लिलावच नाही, तो साधा प्रस्ताव-स्वीकृतीचा करार आहे, असं कोर्टाने २००४ मध्येच ठरवलं. याचा दुसरा परिणाम असा की धंदेवाईक विक्रेत्याकडून ईबेच्या लिलावात घेतलेली वस्तूही गिऱ्हाइकाला परत करता येते. ताई खाजगी विक्रेत्या आहेत, त्यांना ते लागू नाही. फक्त 'खाजगी विक्री, हमी नाही' ही ओळ जाहिरातीत आहे ना, एवढं बघा.

बिनधास्तबंड्या:

काका, फोन विकून किती वर्षं झाली ते मोजतोय. तीन झाली बहुतेक. सालाच्या अखेरीपासून म्हणालात ना?

जुनारेडिओ:

हो. डिसेंबरपर्यंत पोस्टाची पेटी उघडत जा.

शुद्धसारंग:

सर्वांचे आभार. लिलाव चालू ठेवतेय. रीडचं आणि कीर्तनाचं लिहिलं; संध्याकाळपर्यंत बोली ६१ वरून ११८ झाली. मंडळाच्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचं खातं काढलंय, किती बोली लावणार ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एकच राहिलं. लांबच्या कुणी घेतली तर पाठवायची कशी? बाराएक किलो भरेल.

जुनारेडिओ:

डीएचएलचं पार्सल ३१.५ किलोपर्यंत चालतं, वजनाची काळजी नको. मापं १२० गुणिले ६० गुणिले ६० सेंटिमीटरच्या आत हवीत, पेटी आरामात बसते. भात्याच्या कड्या लावा, स्केलचेंजरचा पट्टा हलणार नाही असा आवळा, स्टॉपच्या खुंट्यांभोवती फोम द्या, आणि खोका दुहेरी घ्या. विमा मात्र विक्रीच्या किमतीएवढा हवा. साध्या पार्सलला ५०० युरोंपर्यंतची जोखीम धरलेली असते, त्यावर गेली तर वाढवून घ्या. गिऱ्हाइकाने पैसे भरल्याशिवाय खोका बंद करू नका.